समुद्रघोडा नव्या घरी रुळताना

माझी एक भाची ऑस्ट्रेलियात, मेलबर्न शहरी, कित्येक वर्षे संसार करून आहे. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या चार दिवस आधी तिने आपल्या मुलांसाठी दोन समुद्रघोडे आणविले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा दूरध्वनी आला. सणाच्या शुभेच्छा बाजूलाच राहिल्या. ती म्हणाली, "मामा, एक गेला. दुसरा तळाशी आडवा पडून आहे. तुम्ही शाळेत मुलांना मासे दाखवता ना, काहीतरी सांगा." मी शाळेतल्या काचेच्या टाकीत गप्पी आणि गोल्डफिश यांच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. तिला धीर देण्याखेरीज माझ्याने काही झाले नाही. संध्याकाळपर्यंत दुसराही गेला.

त्या दोन मुक्या जिवांनी माझ्या मनाला चुटपूट लावली. शिक्षकाला 'मला ठाऊक नाही' असे म्हणावे लागणे तसे कठीणच. पण ते एकदा म्हणून टाकले म्हणजे पुस्तके उघडावयास मन मोकळे होते. पुढे पाच महिने तिने तिकडे आणि मी इकडे जे वाचले, जाणत्यांना जे विचारले, आणि मग मे महिन्यात दुसरी जोडी आणल्यावर तिने जे प्रत्यक्ष पाहिले, त्याच्या आधारे आज मी बोलणार आहे.

मात्र पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात समुद्रघोडा घरी पाळता येत नाही. २००१ साली समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातील इतर सर्व मासे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणण्यात आले. त्यांना पकडणे, विकणे वा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जाळ्यात अधूनमधून एखादा समुद्रघोडा चुकून येतो. तो जिवंत असेल तर त्याला पाण्यात परत सोडावे. बादलीत घालून मुलांना दाखवावयास घरी नेऊ नये. कोणी गुपचूप विकावयास आणला तर घेऊ नये, मग तो कितीही गोजिरवाणा दिसो. मी सांगतो आहे ते, जेथे कायद्याने परवानगी आहे आणि जेथे टाकीतच जन्मलेले समुद्रघोडे परवानाधारक पैदासकाराकडून मिळतात, अशा देशांविषयी. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे अशा देशांत आहेत, म्हणून हा विषय येथे बोलावयास अगदीच परका नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीतून नवा मासा घरी आणताना काय घडते, ही यातली मुख्य गोष्ट बाजारातून आणलेल्या गोल्डफिशलाही तशीच लागू आहे.

टाकीत जन्मलेला आणि समुद्रातून धरलेला, हा भेद आरंभीच ध्यानात घ्यावा. वाळविलेल्या समुद्रघोड्यांचा औषधांसाठी फार मोठा व्यापार चालत आला आहे. त्याच्याकडे जगाचे लक्ष वेधण्यात अमांडा व्हिन्सेंट या जीवशास्त्रज्ञ बाईंचा वाटा मोठा. 'प्रोजेक्ट सीहॉर्स' ही संस्था १९९६ साली निघाली ती त्यांच्याच पुढाकाराने. पुढे २००२ साली सर्व जातींचे समुद्रघोडे 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आले, आणि २००४ च्या मे महिन्यापासून त्याचा अंमल सुरू झाला. समुद्रातून धरलेला समुद्रघोडा टाकीत सहसा टिकत नाही. तो हलणारे, जिवंत भक्ष्यच ओळखतो, आणि अंगावर रोगजंतू व परोपजीवी घेऊन येतो. टाकीत जन्मलेल्याला गोठविलेले अन्न ठाऊक असते आणि काचेच्या भिंतीही ठाऊक असतात. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावयाचा तो किमतीचा नव्हे. प्राणी कोठे जन्मला आणि सध्या काय खातो, हे आधी विचारावे. माझ्या भाचीने हा प्रश्न दोन्ही वेळा विचारला होता. तिची चूक निराळ्या ठिकाणी झाली.

ती कोठे झाली हे कळण्यासाठी या प्राण्याची घडण थोडी पाहिली पाहिजे. नावाने व रूपाने घोडा असला तरी समुद्रघोडा हा मासाच; त्याला कल्ले आहेत, पर आहेत. पण अंगावर खवले नाहीत. त्यांच्या जागी त्वचेखाली हाडांच्या कड्यांचे चिलखत आहे. माशाच्या शेपटीला असतो तसा वल्ह्यासारखा पर त्याला नाही. पाठीवरचा छोटासा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा फडफडवीत तो उभ्याउभ्याच कसाबसा पुढे सरकतो. पोहण्यात इतका दुबळा मासा क्वचितच असेल. म्हणून तो पोहण्यापेक्षा धरून राहणे पसंत करतो. वेलीच्या तणाव्याप्रमाणे शेपटी समुद्रगवताला गुंडाळावयाची, आणि दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवीत भक्ष्य जवळ येण्याची वाट पाहावयाची. भक्ष्य टप्प्यात आले की नळीसारखे तोंड झटक्याने वर होते आणि ते आत ओढले जाते. तोंडात दात नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला जठर नाही. खाल्लेले अन्न साठवून ठेवण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. ते आतड्यातून लवकरच पुढे निघून जाते. म्हणून त्याला थोडे थोडे, पण वारंवार खावे लागते. दुसरा मासा चार दिवस उपाशी राहून तगेल. समुद्रघोड्याचे तसे नाही. नर आपल्या पोटावरच्या पिशवीत पिले वाढवितो, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते आणि मुलांना तिचेच अप्रूप वाटते. परंतु पाळणाऱ्याला जठर नसल्याची गोष्ट अधिक ठाऊक असावी.

भाचीने आणलेली जात म्हणजे आग्नेय ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील थोरपोट्या समुद्रघोडा. हा समुद्रघोड्यांतला थोराड गडी; पूर्ण वाढला की पस्तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. मेलबर्नच्या पोर्ट फिलिप उपसागरातील धक्क्यांच्या खांबांना शेपटी गुंडाळून बसलेला तो पाणबुड्यांना दिसतो. टास्मानियात त्याची पैदास होते, आणि तेथूनच तिची दोन पिले विमानाने आली होती. हा थंड पाण्याचा रहिवासी आहे. त्याला सोळा ते वीस अंश सेल्सिअस तापमान मानवते. उष्ण समुद्रातील जातींनाही टाकीत बावीस ते चोवीस अंशांच्या वर न्यावयाचे नसते, कारण पाणी गरम झाले की त्यात समुद्रघोड्यांना मारक असे जिवाणू झपाट्याने वाढतात. मेलबर्नला नाताळ म्हणजे ऐन उन्हाळा. त्या आठवड्यात भाचीच्या टाकीतले पाणी सव्वीस अंशांवर गेले होते. ही एक चूक.

दुसरी चूक याहून मोठी. टाकी आणली, पाणी भरले, मीठ घातले आणि आठ दिवसांत पाहुणे आणले. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते. पण स्वच्छ दिसणारे पाणी आणि राहण्यास योग्य पाणी, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मासे पाण्यातच मलविसर्जन करतात, कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले अन्न कुजून आणखी अमोनिया होतो. हा अमोनिया माशांना विष आहे. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत त्याची विल्हेवाट लावावयास जिवाणूंची एक जमात अमोनियाचे नायट्राइट करते, आणि दुसरी जमात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. या जमाती फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर वस्ती करतात. पण ती वस्ती एका रात्रीत उठत नाही. तिला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात टाकीत प्राणी ठेवावयाचा नाही. चिमूटभर अन्न वा थोडासा अमोनिया घालून फक्त जिवाणूंना पोसावयाचे. पाणी तपासण्याची साधी रंगद्रव्ये मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तेथेच टिकले, म्हणजे घर तयार झाले असे समजावे. त्या नाताळात भाचीने पाणी तपासले तेव्हा पिवळे राहावयाचे पाणी गडद हिरवे झाले होते. पण तपासले ते दुसऱ्याच्या मरणानंतर.

टाकी उंच हवी, कारण हा प्राणी उभा वावरतो. प्राण्याच्या पूर्ण उंचीच्या तिप्पट पाणी असावे असा संकेत आहे. थोरपोट्यासाठी साठ सेंटिमीटरहून कमी उंचीची टाकी घेऊच नये. पाण्याचा खारेपणा हायड्रोमीटरने मोजतात. दुधात पाणी घातले की काय हे पाहणाऱ्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊ. त्यावर १.०२३ ते १.०२५ एवढा आकडा यावा. येथे एक फसगत होते. टाकीतले पाणी उडून कमी होते तसे लोक त्यात खारे पाणी ओततात आणि खारेपणा वाढत जातो. उडते ते पाणी, मीठ मागे राहते. ज्यांनी मिठागरे पाहिली आहेत त्यांना हे सांगावयास नको. तेव्हा उडालेल्या पाण्याची भर नेहमी क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याने करावी. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून नवे खारे पाणी घालणे, हे काम वेगळे.

आत धरावयास आधार पुष्कळ हवेत. समुद्रशेवाळ चालेल, मऊ प्लॅस्टिकच्या वनस्पतीही चालतील. समुद्रघोडा त्यात कमीपणा मानीत नाही. दंश करणारी प्रवाळे आणि समुद्रफुले मात्र नकोत, कारण जे हाती लागेल त्याला शेपटी गुंडाळावयाची ही याची सवय, आणि तीच त्याच्या जिवावर येते. पंप जेथून पाणी ओढतो त्या तोंडावर स्पंज बसवावा, नाहीतर शेपटी आत ओढली जाऊन जखम होते. पाणी फिरते राहिले पाहिजे, पण टाकीत निदान एक कोपरा संथ असावा.

आता पाहुणे येतात तो दिवस. येथे मला थोडे रेंगाळावयाचे आहे, कारण तिसरी चूक येथे झाली आणि ती चांगल्या हेतूने झाली.

पहिल्या वेळी भाचीने पिशवी उघडली, ती टाकीशेजारी एका बादलीत रिकामी केली, आणि बारीक नळीने थेंब थेंब टाकीतले पाणी त्यात दोन तास सोडीत बसली. नव्या पाण्याची हळूहळू सवय व्हावी, हा हेतू. जवळच्या दुकानातून अर्ध्या-पाऊण तासात आणलेल्या माशाला अशी सवय करणे योग्यच आहे. परंतु अठरा-वीस तास बंद पिशवीत प्रवास केलेल्या प्राण्याची गोष्ट निराळी. त्या पिशवीत काय झालेले असते? प्राण्याने श्वासोच्छ्वास केला, त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला आणि पाणी आम्लधर्मी झाले. शेतकी खात्याचे लोक मातीची आम्लता दाखवावयास 'सामू' हा शब्द वापरतात; पिशवीतल्या पाण्याचा सामू असा उतरत जातो. त्याच वेळी अमोनियाही साठत असतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियम या रूपात राहतो, आणि ते रूप फारसे विषारी नसते. म्हणजे पाणी घाण झालेले असते, तरी प्राणी त्यात तग धरून असतो. मग आपण पिशवी उघडतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तसे होते. कार्बन डायऑक्साइड उडू लागतो, सामू चढू लागतो, आणि तेच अमोनियम जहरी अमोनिया होते. टाकीतले पाणी थेंब थेंब मिसळावे तसा सामू अधिकच चढतो. आपण मायेने सवय करीत बसलेले असतो, आणि प्राणी त्या बादलीत कल्ले जाळून घेत असतो.

यावर उपाय असा. पाहुणे निघण्यापूर्वीच पाठविणाऱ्याला दूरध्वनी करून दोन आकडे विचारून घ्यावे, पाण्याचे तापमान किती आणि खारेपणा किती. आपले पाणी त्या आकड्यांना आधीच जुळवून ठेवावे. सवय करावयाची ती प्राण्याला नव्हे, पाण्याला. मग पेटी घरी आली की खोलीतला दिवा मंद करावा, टाकीचा दिवा पूर्ण बंद. अंधाऱ्या पेटीतून आलेल्या प्राण्यावर एकदम झगझगीत प्रकाश पाडणे हा छळ आहे. बंद पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान सारखे होते. पिशवी उघडली, की मात्र वेळ दवडू नये. खारेपणा एकदा ताडून पाहावा, आणि जुळत असेल तर काही मिनिटांतच प्राण्याला पलीकडे न्यावे. सामूत जो थोडा फरक राहील तो प्राणी सोसतो. अमोनिया सोसत नाही. खारेपणात मोठा फरक निघाला तरच पिशवीतल्या पाण्यात आपले पाणी थोडथोडे घालून तो अर्ध्या तासात जुळवावा. विशेषतः कमी खाऱ्या पाण्यातून अधिक खाऱ्यात एकाएकी नेणे वाईट.

हलविताना जाळी वापरू नये. तिच्या धाग्यात त्याची काटेरी कड अडकते. साबणाचा अंशही राहणार नाही असे धुतलेले हात पाण्यात घालावे आणि थांबावे. समुद्रघोडा आपण होऊन बोटाला शेपटी गुंडाळतो. मग दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरून त्याला अलगद उचलावे आणि क्षणात नव्या पाण्यात बुडवावे. हवेत धरून मुलांना दाखवीत उभे राहू नये. तो हवा गिळतो आणि मग बुचासारखा वर तरंगत राहतो. नव्या पाण्यात बोट एखाद्या आधाराजवळ नेऊन वाट पाहावी. शेपटी सोडविण्याची घाई करू नये, ती त्याची तोच सोडील. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये, मोरीत ओतावे. भाची म्हणाली की दुसऱ्या वेळी मादीने तिचे बोट चार-पाच मिनिटे सोडलेच नाही, आणि तिचा हात गारठून गेला, तरी तिने तो हलविला नाही.

नव्या पाहुण्यांना थेट मोठ्या टाकीत सोडावे की काय, याबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत. मला लहान टाकीचा पक्ष पटतो. पन्नास-साठ लिटरची साधी टाकी, तळाला वाळू नाही, दोन-चार आधार, आणि मोठ्या टाकीत सहा आठवडे ठेवून जिवाणूंनी भरलेला एक स्पंजचा फिल्टर. एवढ्या जागेत अन्न त्यांच्या डोळ्यांसमोर राहते. त्यांनी किती खाल्ले, विष्ठा पडली की नाही, हे आपल्यालाही दिसते. काही रोग निघालाच तर उपचार तेथल्या तेथे करता येतो. चार ते सहा आठवडे त्यांना येथे ठेवावे. दवाखान्याच्या खोलीसारखी ती जागा दिसते खरी, आणि मुले निराश होतात. त्याला इलाज नाही.

पहिल्या संध्याकाळी त्यांच्याकडून काही अपेक्षा करू नये. रंग काळवंडतो. ते आधाराला घट्ट बिलगून, मान खाली घालून बसतात, किंवा एकमेकांच्या शेपट्या धरून ठेवतात. थोडा वेळ श्वास जलद चालतो. हे सगळे प्रवासाचे परिणाम आहेत. टाकीच्या बाजूला एखादा टॉवेल टांगावा, काचेवर टिचक्या मारू नयेत आणि कोणाला मारू देऊ नयेत.

भोजनाची कथा मात्र दुसऱ्या सकाळपासून सुरू होते, आणि तीवरच सारे अवलंबून आहे. यांचे रोजचे अन्न म्हणजे गोठविलेला मायसिस. दिसावयास तो आपल्या जवळ्यासारखा, बोटाच्या पेराहूनही लहान. या मायसिसचीही एक गोष्ट आहे. कॅनडातील ओकानागन सरोवरात १९६६ साली तो मुद्दाम सोडण्यात आला. हेतू हा की तेथल्या कोकानी माशांना खाद्य मिळावे. (या कोकानीचा आपल्या कोकणाशी काही संबंध नाही.) झाले उलटेच. माशांची पिले जे सूक्ष्म जीव खात, त्यांचाच मायसिस वाटेकरी झाला. पुढे तो सरोवरातून गाळून काढू लागले, आणि तो गोठविलेला माल आज परदेशच्या समुद्रघोड्यांच्या पानात पडतो. अन्न विरघळवून, बारीक गाळणीत गोड्या पाण्याने धुऊन द्यावे. गोठविलेल्या वडीतले गढूळ पाणी टाकीत जाता कामा नये. सुक्या माशांचे चूर्ण किंवा पापडीसारखे मिळणारे खाद्य हा प्राणी अन्न म्हणून ओळखतच नाही. नाताळात मुलांनी मोठ्या कौतुकाने तेच घातले होते. ते तळाशी कुजले.

दिवसातून तीन वेळा, थोडे थोडे. वाढण्यापूर्वी पंप बंद करावा, नाहीतर अन्न त्यांच्यापुढून वाहून जाते, आणि यांना पाठलाग करता येत नाही. लांब काचनळीने चार-सहा मायसिस त्यांच्या तोंडासमोरून हळूच खाली सोडावे. रोज एकाच जागी, एका शिंपल्यात वा काचेच्या बशीत अन्न ठेवावे, म्हणजे तीन-चार दिवसांत ती जागा त्यांना पाठ होते. समुद्रघोडा भक्ष्याकडे आधी न्याहाळून पाहतो, इतका वेळ, की पाहणाऱ्याचा धीर सुटावा. मग मान झटकतो आणि अन्न नाहीसे होते. त्या वेळी बारीक 'टिक्' असा आवाज होतो. खोली शांत असली तर काचेबाहेरही ऐकू येतो. अर्ध्या-पाऊण तासाने उरलेले सारे नळीने ओढून घ्यावे आणि पंप चालू करण्यास विसरू नये. हे विसरणे फार सोपे आहे.

पहिला दिवस त्यांनी खाल्ले नाही तर घाबरू नये. दुसराही कोरडा गेला तर जिवंत अन्न द्यावे. मिठागरांच्या पाण्यात वाढणारा आर्टेमिया नावाचा जीव यासाठी सर्वत्र वापरतात. त्याची अंडी वाळलेल्या स्थितीत डबाबंद मिळतात आणि खाऱ्या पाण्यात एक-दीड दिवसात फुटतात. पण समुद्रघोड्याला वाढलेला आर्टेमिया लागतो, तो दुकानातून घ्यावा. तो नुसता फार पौष्टिक नसतो, म्हणून काही तास त्यालाच सूक्ष्म शेवाळ खाऊ घालून मग द्यावा. तो वळवळला की उपाशी समुद्रघोड्याची नजर हलते. एकदा खाणे सुरू झाले की त्यात गोठविलेला मायसिस मिसळत जावे आणि जिवंत अन्न कमी करीत जावे. पोटाच्या बाजू आत ओढल्या जाऊन हाडांच्या कडा दिसू लागल्या, किंवा चार दिवस अन्नाला तोंडच लावले नाही, तर घरगुती उपाय पुरे झाले असे समजून पैदासकाराला किंवा माशांच्या डॉक्टरांना विचारावे. श्वास धापा टाकल्यासारखा चालणे, शेपटीवर पांढरे चट्टे, त्वचेखाली बुडबुडे, पाण्यावर तरंगत राहणे, यांपैकी काहीही दिसले तर चार दिवसही थांबू नये.

सोबतीला दुसरे मासे हवेत असा मुलांचा आग्रह असतो. चपळ मासे यांच्या पानातले सारे पळवितात. दुसऱ्या ठिकाणाहून आणलेले, दुसऱ्या जातीचे समुद्रघोडेही यांच्यात मिसळू नयेत, कारण एका घरचे जंतू दुसऱ्या घरच्या अंगाला ओळखीचे नसतात. एकाच घरची जोडी, आणि टाकी साफ ठेवावयास चार गोगलगाई, एवढा परिवार पुरेसा आहे.

भाचीची दुसरी जोडी मे महिन्यात आली. तिकडे ते हिवाळ्याचे तोंड. पाणी अठरा अंशांवर ठेवणे सोपे गेले, तरी उन्हाळ्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र तिने आधीच घेऊन ठेवले होते. टाकी सात आठवडे रिकामी चालली. धाकट्या मुलाने मला पत्रात लिहिले होते, "आजोबा, आमच्याकडे पाण्याची टाकी आहे, तिच्यात पाणी पाळले आहे." आले त्या रात्री दोघांनीही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी नराने दोन मायसिस घेतले. मादी पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासाठी आर्टेमिया आणावयास भाची निघाली होती; पायांत जोडे चढविले होते, आणि जाता जाता तिने सहज नळीने एक मायसिस मादीपुढे सोडला. मादीने तो पाहिला, बराच वेळ पाहिला, मान झटकली. भाचीने जोडे काढले आणि तेथेच स्टुलावर बसून मला दूरध्वनी केला. सहाव्या आठवड्यात दोघांना मोठ्या टाकीत हलविले. त्या वेळीही दिवा बंद होता.